शोधणारी आई आणि मोजणारं कॉलेज

"वहिनी, अहो तो माणूस म्हणतोय, संध्याकाळी सहाच्या आत पाच हजार भरा, नाहीतर सीट जाईल. भरू का?"

२०२५ च्या जूनमधली गोष्ट. मी भाजी निवडत बसले होते आणि मंचरहून माझ्या धाकट्या नणंदेचा फोन. भाचीचा सीईटीचा निकाल नुकताच लागलेला. प्रवेशाची सरकारी नोंदणीसुद्धा अजून सुरू झालेली नव्हती. मग ही सीट कुठली आणि ती जाणार कुठे?

"अगं, कोण माणूस? कुठल्या कॉलेजचा?"

"नाव सांगितलं त्यानं, पण इंग्रजीत होतं सगळं. फार गोड बोलतो. 'मॅडम, तुमच्या मुलीचं करिअर' वगैरे. सकाळपासून चौथा फोन आहे."

"पण त्याला तुझा नंबर दिला कुणी?"

फोनवर एकदम शांतता. मग मागून भाचीचा बारीक आवाज आला, "मामी, अगं मी फक्त माहितीपत्रक डाउनलोड करायला नंबर टाकला होता..."

झालं! तिथूनच सगळं सुरू झालं होतं. पोरीनं आदल्या रात्री मोबाईलवर 'चाकणजवळचं सगळ्यात चांगलं इंजिनिअरिंग कॉलेज' असं टाकलं. जे पहिलं नाव आलं त्यावर बोट ठेवलं. छान हिरवीगार इमारत, हसणाऱ्या मुली, आणि खाली एक चौकट: नाव, गाव, मोबाईल नंबर, बारावीचे मार्क. तिनं स्वतःचा नंबर न टाकता आईचा टाकला, कारण आपला फोन बाबा बघतात! दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला पहिला फोन.

मी नणंदेला म्हटलं, "आज एक रुपयाही भरू नकोस. सहा वाजून जाऊ देत. उद्या सकाळी तो परत फोन करतो की नाही बघ."

केला की! दुसऱ्या दिवशी सीट होती तिथंच होती. फक्त मुदत आता 'रविवारपर्यंत' झाली होती. (हे कुठलं कॉलेज ते नाव मी इथे लिहीत नाही. प्रश्न एका नावाचा नाहीच.)

आमच्या सोसायटीत एक मुलगी राहते. एका शिक्षणसंस्थेच्या जाहिरात विभागात काम करते. पूर्वी अशा विभागात माहितीपत्रकं छापून घेणारी आणि पेपरात जाहिराती देणारी माणसं असत. ही मात्र दिवसभर संगणकावर आकडे बघते. रात्री जेवणानंतर आम्ही दोघी खाली चकरा मारतो. तिला मी ही हकीकत सांगितली, तर ती हसली आणि म्हणाली, "काकू, तुमच्या भाचीनं नंबर टाकला ना, त्या क्षणी ती 'लीड' झाली."

लीड म्हणजे काय, तर धागा. ज्याचं टोक हातात आलं की ओढत ओढत प्रवेशापर्यंत नेता येतं ते गिऱ्हाईक. त्याआधी भाची नुसती 'बघी' होती. दोन्हींमधला फरक मला तिनं नीट समजावून सांगितला, आणि मैत्रिणींनो, तो आपल्यालाही कळला पाहिजे असं मला फार वाटलं. कारण येत्या मे-जूनमध्ये तुमच्याही घरात कुणीतरी रात्री मोबाईल घेऊन बसणार आहे.

साडीच्या दुकानाचं उदाहरण घेऊ. आपण दुकानात शिरतो. दुकानदार आपल्याला ओळखत नाही, पण त्याची नजर असतेच. ही बाई पैठणीच्या कप्प्याकडे गेली, तिथे रेंगाळली, किंमत विचारली आणि सुती साड्यांकडे वळली. कुठल्या दारानं आली, एकटी होती की जावेबरोबर, किती वेळ थांबली, काही न घेता गेली का... कॉलेजची वेबसाईट आपल्याकडे अशीच बघते. त्यासाठी गुगलचं एक साधन आहे, गुगल ॲनालिटिक्स. गुगलनं २००५ मध्ये अर्चिन नावाची एक कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षाच्या शेवटी हे साधन सगळ्यांना फुकट वापरायला दिलं. म्हणजे वीस वर्षं होऊन गेली. आज जगभरातल्या विद्यापीठांच्या, कॉलेजांच्या वेबसाईटवर हा किंवा असा दुसरा मोजणीदार बसलेला असतो.

त्याला काय दिसतं? किती जण आले. गुगलवर शोधून आले, फेसबुकवरून आले की व्हॉट्सॲपवर कुणी पाठवलेल्या लिंकवरून आले. मोबाईलवर होते की संगणकावर. कुठल्या गावाच्या आसपासचे होते. कुठलं पान उघडलं, त्यावर किती सेकंद थांबले, कुठून परत गेले. तुमचं नाव त्याला दिसत नाही. तुम्ही मंचरच्या अमक्या तमक्या, हे त्याला ठाऊक नसतं. गुगलचा नियमच आहे की नाव, फोन नंबर असली ओळख पटवणारी माहिती या साधनात घालायची नाही. नाव जोडलं जातं ते आपण चौकटीत आपल्या हातानं लिहितो तेव्हा. ती चौकट कॉलेजच्या दुसऱ्या वहीत जाते आणि तिथून फोन करणाऱ्यांच्या हातात.

गावाचं तर आणखी गमतीचं आहे. मोबाईलच्या इंटरनेटवरून गाव ओळखणं हा अंदाजपंचे कारभार असतो. मंचरला बसून शोधलं तरी कॉलेजच्या नकाशावर ते पुण्यात, कधी मुंबईतही दिसतं. म्हणजे मंचर, नारायणगाव, घोडेगावच्या कितीतरी आया रात्री फिया बघत बसलेल्या असतात आणि कॉलेजला वाटतं, सगळे पुणेकरच!

दुसरं एक साधन आहे, सर्च कन्सोल. आपल्या कॉलेजचं पान गुगलवर दिसलं तेव्हा लोकांनी नेमके कुठले शब्द टाकले होते, त्याची यादी ते कॉलेजला देतं. ही यादी म्हणे वाचायला फार मजा येते. लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, 'होस्टेल फी किती', 'मुलींसाठी सेफ आहे का'. आता तर बोलूनच शोधतात. २०१७ च्या ऑगस्टपासून गुगलला मराठीत बोललेलं कळायला लागलं. ज्यांना टाईप करायचा कंटाळा किंवा भीती, त्या आया सरळ फोनला विचारतात, जसं एसटी स्टँडवर कंट्रोलरला विचारावं तसं.

मी त्या मुलीला विचारलं, "मग यादीत असे प्रश्न दिसतात, तर तुम्ही त्यांची उत्तरं का नाही देत?" ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "काकू, आम्हाला वरून विचारतात, या महिन्यात लीड किती आल्या? उत्तरं किती दिली, असं कुणी विचारत नाही."

या एका वाक्यावर मी घरी येऊन बराच वेळ विचार करत होते.

आता जाहिरातीचं. गुगलवर काही शोधलं की वरती जी पहिली दोन-चार नावं येतात, त्यांच्याजवळ बारीक अक्षरांत 'प्रायोजित' किंवा इंग्रजीत 'स्पॉन्सर्ड' असं लिहिलेलं असतं. ती नावं चांगली आहेत म्हणून वर आलेली नसतात, जागेचे पैसे भरलेले असतात. गुगलनं २००० मध्ये हा धंदा सुरू केला. तेव्हा त्याचं नाव ॲडवर्ड्स होतं, २०१८ मध्ये गुगल ॲड्स झालं. शब्दांचा चक्क लिलाव असतो तिथे. 'इंजिनिअरिंग ॲडमिशन पुणे' असे शब्द कुणी टाकले की क्षणात बोली लागते. जाहिरात शब्दांना किती जुळते, पान किती बरं आहे हेही बघितलं जातं, पण खिसा लागतोच. आणि आपण बोट ठेवलं की त्या कॉलेजच्या खात्यातून पैसे जातात, बहुतेक वेळा दर बोटागणिक. म्हणूनच एकदा बोट ठेवणाऱ्याला सहज सोडत नाहीत. महिन्याच्या शेवटी हिशेब लागतो, जाहिरातीला इतके गेले, त्यातून लीड इतक्या, त्यातून प्रवेश इतके, म्हणजे एक मुलगी कॉलेजात आणायला खर्च किती आला? हा खर्च शेवटी कुठून भरून निघणार ते तुम्हा-आम्हाला सांगायला नको.

आणि तो पाठलाग! तुम्ही कधी अनुभवलाय का? एखाद्या कॉलेजचं पान नुसतं बघून बंद करावं, आणि मग रव्याच्या लाडवाची कृती बघायला गेलं तरी तिथे तेच कॉलेज. बातम्या वाचायला गेलं तरी तेच. आपण त्या पानावर गेलो होतो याची एक चिठ्ठी आपल्याच फोनमध्ये ठेवली जाते, तिला कुकी म्हणतात. (नाव इतकं गोड!) ती चिठ्ठी वाचून जाहिरात मागे मागे येते. भाचीनं शोधलं तिच्या आईच्या फोनवर, त्यामुळे नणंदेला पुढचे पंधरा दिवस भजनाच्या व्हिडिओआधीही इंजिनिअरिंगच्या जाहिराती दिसत होत्या. तिला वाटलं, केवढं मोठं कॉलेज असेल हे, जिकडे तिकडे याचंच नाव! तिच्याच फोनवर ते जिकडे तिकडे होतं, हे तिला सांगितलं तेव्हा तिला खरंच वाटेना. गुगलच्या सेटिंगमध्ये 'माय ॲड सेंटर' नावाची जागा आहे, तिथे अशा आपल्या मागावरच्या जाहिराती बंद करता येतात. मी तिच्या केल्या बंद.

या भागात हे सगळं इतकं जोरात का, तेही बघायला हवं. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज आणि त्यांच्यामागून शेकडो लहान-मोठे कारखाने. २००९ च्या सुमाराला चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने सुरू झाले, त्यामागोमाग महिंद्राचा. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळच्या घराघरात 'पोराला चाकणला लावायचं' हे वाक्य ऐकू येतं, आणि आता 'पोरीला' हेही येतं, याचा मला आनंद आहे. इंजिनिअर हवेत म्हटल्यावर कॉलेजं आलीच. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. त्यानंतर १९८४ मध्ये आकुर्डीचं डी. वाय. पाटील इंजिनिअरिंग, १९९९ मध्ये निगडीचं पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, त्याच वर्षी आळंदीचं एमआयटी ॲकॅडमी. मग तळेगाव, रावेत, आंबी... सकाळी कॉलेजांच्या बसची रांग कंपन्यांच्या बसच्या रांगेत मिसळून जाते, इतकी.

इतकी कॉलेजं आणि नावं मात्र मोजकी! 'डी. वाय. पाटील' एवढंच गुगलवर टाकून बघा. पिंपरीचं अभिमत विद्यापीठ येईल, आकुर्डीचं कॉलेज येईल, नवी मुंबईच्या नेरुळचं येईल, कोल्हापूरचं येईल. 'पिंपरी चिंचवड' टाकलं तर निगडीचं कॉलेज वेगळं, रावेतचं वेगळं आणि मावळात साते गावचं, २०२३ च्या कायद्यानं झालेलं पिंपरी चिंचवड युनिव्हर्सिटी हे विद्यापीठ वेगळं. यात लपवाछपवी काही नाही, प्रत्येकाची पाटी स्वच्छ आहे. पण मोबाईलच्या चिमुकल्या पडद्यावर, रात्री साडेदहाला, डोळे पेंगत असताना, कॉलेज कुठलं आणि विद्यापीठ कुठलं हे कुणाला कळतंय?

"काय फरक पडतो वहिनी? डिग्री ती डिग्रीच," नणंद म्हणाली.

पडतो. मुलीच्या बाबतीत तर फारच पडतो, आणि सांगायची खरी गोष्ट हीच आहे.

८ जुलै २०२४ ला महाराष्ट्र सरकारनं निर्णय काढला. ज्या घराचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी घटकांतल्या मुलींना इंजिनिअरिंग, वैद्यकीय अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी ही सवलत निम्मी होती. वसतिगृह, मेस, जाण्यायेण्याचा खर्च आपला, पण चार वर्षांची शिकवणीची फी वाचते, ही काय लहान गोष्ट आहे? माझ्या नणंदेकडे खतांचं लहानसं दुकान आहे, ओबीसीचा दाखला आहे, उत्पन्न ८ लाखांच्या आत. म्हणजे भाची यात चपखल बसत होती.

पण त्या निर्णयात अटी आहेत. प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे आपण ज्याला 'कॅप' म्हणतो त्यातूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतलेल्या जागेला सवलत नाही. आणि खासगी अभिमत विद्यापीठं, स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यांना हा निर्णय लागूच नाही. विनाअनुदानित खासगी कॉलेजात कॅपमधून गेलात तर मात्र आहे.

आता तो गोड बोलणारा माणूस आठवा. संध्याकाळी सहाच्या आत पाच हजार! तो जी 'सीट' देत होता ती कॅपमधली असूच शकत नव्हती, कारण कॅप सुरूच झालेली नव्हती. ते पाच हजार भरून, मग 'भरलेच आहेत तर' म्हणून पुढचे भरून पोरगी तिथे गेली असती, तर चार वर्षांच्या फीमाफीवर पाणी सोडावं लागलं असतं. त्या चार फोनांत फीमाफीचा 'फी'सुद्धा त्यानं काढला नव्हता. खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. विचारलं नाही, सांगितलं नाही.

खासगी विद्यापीठात जाऊच नये, असं माझं मुळीच म्हणणं नाही. तिथे काही अभ्यासक्रम असे असतात की दुसरीकडे मिळत नाहीत, आणि ऐपत असेल, मुलीला तेच हवं असेल तर जरूर जावं. पण काय सोडतोय ते माहीत असताना जावं.

त्या रविवारी मी मंचरला गेले. भाचीला म्हटलं, "चल, आता आपण उलट करू. इतके दिवस ते आपल्याला मोजत होते, आता आपण त्यांना मोजू." वही घेतली. आधी 'प्रायोजित' लिहिलेलं सगळं सोडून खाली गेलो. मग सीईटी सेलच्या सरकारी साईटवर आदल्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या उघडल्या. कुठल्या कॉलेजला, कुठल्या शाखेला, कुठल्या प्रवर्गातून किती पर्सेंटाईलवर शेवटचा प्रवेश झाला, ते तिथे छापलेलं असतं. भाचीच्या मार्कांच्या आसपासची कॉलेजं निवडली. नणंद पोहे करता करता बघत होती. "एवढं सगळं असतं होय यात!" म्हणाली.

फीसाठी शुल्क नियामक प्राधिकरणाची साईट. खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी हे प्राधिकरण ठरवतं, २०१५ चा कायदा आहे तसा. कॉलेजनिहाय मंजूर फी तिथे बघायला मिळते. फोनवरचा माणूस सांगतो ती फी आणि ही फी शेजारी शेजारी मांडून बघायची.

नोकरीचं बघायचं तर माझी एक खूणगाठ झालीय आता. जाहिरातीत असतं 'सर्वोच्च पॅकेज'. अहो, एका मुलाला मिळालं असेल! बाकीच्यांचं काय? केंद्र सरकारची एनआयआरएफ नावाची क्रमवारी आहे, २०१६ पासून दर वर्षी येते. तिच्यासाठी कॉलेजं जी माहिती पाठवतात, ती त्यांना स्वतःच्या साईटवरही ठेवावी लागते. त्यात किती मुलं पास झाली, किती जणांना नोकरी लागली, आणि नोकरी लागलेल्यांचा मधला पगार किती, हे असतं. मधला म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधे उभा राहील त्याचा. भाचीनं दोन कॉलेजांची ही पत्रकं उघडली. ज्याची जाहिरात मोठी, त्याचा मधला पगार दुसऱ्यापेक्षा कमी निघाला. पोरगी माझ्याकडे बघतच राहिली.

ही पत्रकं कुठे असतात म्हणाल तर साईटच्या अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरात. तिथेच 'मँडेटरी डिस्क्लोजर' असंही एक पान असतं. एआयसीटीईची मान्यता असलेल्या कॉलेजांना शिक्षक किती, त्यांचं शिक्षण काय, फी काय, जागा किती हे तिथे जाहीर करावंच लागतं. वर हसणाऱ्या मुली आणि खाली ही माहिती. आपण खालून वर वाचायचं!

फोनांचंही सांगते. १९०९ या क्रमांकावर इंग्रजीत 'स्टार्ट' लिहून पुढे शून्य असा एसएमएस केला की जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद होते. पण जिथे आपणच चौकटीत नंबर देऊन होकाराची टिचकी मारली असेल, ते लोक म्हणतात, तुम्हीच तर परवानगी दिलीत. म्हणून नंबर देण्याआधीच थांबलेलं बरं. माहितीपत्रक बहुतेक वेळा नंबर न देताही साईटवर कुठेतरी मिळतं. आणि अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती लागेल, असं २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात लिहिलंय. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू व्हायच्या आहेत. आमची भाची तेव्हा साडेसतरा वर्षांची होती.

आणि समजा एखादीनं घाईत पैसे भरलेच तर? रडत बसू नका. एआयसीटीईचा नियम आहे की ठरलेल्या तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर एक हजार रुपयांपेक्षा जास्त कापता येत नाही, आणि मुलीची मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. पावती मात्र हवी. फोनवरच्या बोलण्याची पावती नसते, म्हणून जे काही सांगायचंय ते ई-मेलवर लिहून पाठवा, असं म्हणायचं. आमच्या त्या गोड माणसाला नणंदेनं हे सांगितलं आणि त्याचा फोन परत आला नाही!

सोसायटीतल्या त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं. तिला थोडं लागलं असावं. म्हणाली, "काकू, मोजणं वाईट नाही हो. कसं वापरतो त्यावर आहे." आणि तिचंही खरं आहे. तिनंच मला सांगितलं, त्यांच्या आकड्यांत एक गोष्ट तिला वारंवार दिसायची. लोक वसतिगृहाच्या पानावर यायचे, काही सेकंद थांबायचे आणि साईट सोडून जायचे. वरिष्ठ म्हणायचे, तिथे मोठे फोटो टाका. तिनं ते पान आपल्या आईच्या साध्या मोबाईलवर उघडून बघितलं. मोठ्या फोटोंमुळे पान उघडायलाच किती वेळ लागत होता! आणि उघडल्यावर 'जागतिक दर्जाच्या सुविधा' एवढंच. खोलीत किती मुली, पाणी गरम येतं का, भाडं महिन्याचं की वर्षाचं, काहीच नाही. तिनं फोटो कमी करायला लावले, भाडं स्पष्ट लिहायला लावलं, आणि खूप भांडून एक पान मराठीत करून घेतलं. त्या पानावर लोक आता थांबतात म्हणे. लीड वाढल्या की नाही ते मी विचारलं नाही.

पाश्चात्त्य देशांतली विद्यापीठं या आकड्यांवर फार पूर्वीपासून काम करतात. आपल्याकडेही हे आता रुळलंय. पण बहुतेक जण हिशेब दारापर्यंतचा करतात, मुलगी आत आली की मोजणी संपली. तिला गावाहून यायला किती वेळ लागतो, पहिल्या सहामाहीत किती मुली घर सोडून राहता येत नाही म्हणून परत जातात, हेही कुणीतरी मोजायला हवं ना?

भाचीचं म्हणाल, तर तिला कॅपमधून याच पट्ट्यातल्या एका कॉलेजात जागा मिळाली. पसंतीच्या यादीत तिसरं होतं ते. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर काढायला तहसीलला तीन खेपा झाल्या, भाऊजींचं दुकान दोन दिवस बंद राहिलं, पण फीमाफीचा अर्ज भरला गेला. मंचरहून रोज जाणं-येणं जमणार नव्हतं. वसतिगृह घ्यावं लागलं. सोडायला गेले त्या दिवशी रात्री नणंदेचा फोन आला.

"वहिनी, मुलींच्या होस्टेलचं गेट साडेआठला बंद होतं. आणि रविवारी घरी यायचं असेल तर शनिवारी दुपारी चिठ्ठी द्यायची."

"बरं झालं कळलं. साईटवर होतं का?"

"छे हो! गेटवर एक मावशी बसतात, त्यांनी सांगितलं. गप्पांत कळलं, त्या आपल्या घोडेगावच्याच निघाल्या. म्हणाल्या, काळजी करू नका, मी आहे."